खेळण्यातल्या रेल्वेची झाडे : चिंधी-भुशाचा माल, पण किंमत हाताची

पुण्याच्या कोथरूड भागात १९९८ साली जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय सुरू झाले. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभे केले. एका खोलीत मांडलेले आख्खे शहर, त्यातून विजेवर धावणाऱ्या छोट्या गाड्या, सिग्नल, पूल, बोगदे. लोक तिकीट काढून बघायला जातात. बघणाऱ्याची नजर इंजिनावर असते, पण व्यापाऱ्याने जरा आजूबाजूला बघावे. इंजिने मोजकी असतात, स्टेशने दोन-चार असतात. सर्वांत जास्त नग लागतात ते झाडांचे.

घरात असा देखावा मांडणारे शौकीन आता मोठ्या शहरांतून वाढत आहेत. इंजिन आणि रूळ ते बाहेरून मागवतात, कारण त्याला इलाज नाही. झाडेही बाहेरून मागवली तर एकेका नगाला बरेच पैसे पडतात, आणि येतात ती बर्फाच्या मुलखातली सूचिपर्णी झाडे. नांदेड-लातूरच्या रेल्वेशेजारी ती शोभत नाहीत. ही झाडे ज्या वस्तूंतून बनतात त्या आपल्या पेठांतून रोज झाडून बाहेर टाकल्या जातात. सुताराचा भुसा, सोफेवाल्याचा फोम, गादीवाल्याकडचा रेक्रॉन कापूस, बांधकामावरची तार. म्हणून कारागीर आणि छोट्या व्यापाऱ्यांनी हा माल कसा बनतो आणि त्याचा हिशेब कसा धरावा, हे समजून घेणे फायद्याचे आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. माल जवळजवळ फुकटचा असला म्हणून झाड स्वस्त पडते असे नाही. झाडाची किंमत मालात नसते, ती हातात आणि वेळेत असते. हे ज्याला कळले तो कमावील. ज्याला कळले नाही तो दिवसभर राबून चहापाण्याचे पैसे घरी नेईल.

आधी माप, मग काम

शिंपी मापाशिवाय कापडाला कात्री लावत नाही, तसेच येथेही आहे. या छंदात जगभर सर्वांत जास्त चालणारे माप म्हणजे एकास सत्त्याऐंशी. खऱ्या वस्तूच्या ८७ मीटरचा येथे एक मीटर होतो. या मापाला शौकीन ‘एचओ’ म्हणतात. त्याच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते.

हिशेब सोपा आहे. झाडाची खरी उंची सेंटिमीटरमध्ये मांडावी आणि तिला ८७ ने भागावे. बारा मीटरचा कडुलिंब म्हणजे १,२०० सेंटिमीटर, भागले की सुमारे १४ सेंटिमीटर. सहा-सात मीटरची बाभूळ सात-आठ सेंटिमीटरची होते. अठरा मीटरचा ताड वीस सेंटिमीटरच्या थोडा वर जातो. या मापात उभा माणूस दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी भरतो. तेव्हा प्रत्येक झाडाशेजारी दोन सेंटिमीटरची काडी उभी करून बघावी. झाड खोटे वाटते की खरे, ते लगेच कळते.

प्लायवूडची चार बाय आठ फुटांची एक फळी या मापात सुमारे १०६ मीटर रुंद आणि २१२ मीटर लांब जमीन होते. म्हणजे साडेपाच एकर. आपल्याकडच्या साडेपाच एकरांच्या बांधावर आणि ओढ्याकाठी किती झाडे असतात ते शेतकऱ्याला विचारा. पन्नास-शंभर झाडे सहज बसतात. एका गिऱ्हाइकाची एका फळीची मागणी एवढी असू शकते.

आपल्या भागाचा एक गमतीचा मुद्दा येथे सांगण्यासारखा आहे. बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. ती अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची अरुंद लाईन होती. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग पूर्ण रुंद झाला आणि ती छोटी गाडी इतिहासजमा झाली. ७६२ ला ८७ ने भागले तर पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात ‘एन’ नावाच्या लहान मापाचे तयार रूळ नऊ मिलिमीटरचे मिळतात. म्हणजे बार्शी लाईटचा देखावा करणाऱ्याला रूळ तयार मिळतात. नांदेडची जुनी लाईन मीटरगेज होती, तिच्यासाठी बारा मिलिमीटरचे रूळ चालतात. रूळ बाहेरून येतील, पण त्यांच्या दोन्ही बाजूंची बाभूळ आणि पळस बाहेरून कोण पाठवणार? ते काम येथलेच आहे.

सांगाडा : बांधकामाची तार

सळ्या बांधायची काळी बाइंडिंग तार यासाठी उत्तम. ती भाजून नरम केलेली असते, म्हणून पीळ घेते आणि परत उलगडत नाही. वीस गेजची तार एका किलोत साधारण १९० मीटर भरते. चौदा-पंधरा सेंटिमीटरच्या झाडाला २५ सेंटिमीटरचे बारा तुकडे लागतात, म्हणजे तीन मीटर. एका किलोत साठाच्या वर झाडे निघतात.

काही कारागीर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून जळालेली तांब्याची तार आणतात. ती वळायला मऊ असते हे खरे, पण तांब्याला भंगारात चांगला भाव आहे. ज्या मालाला बाजारात गिऱ्हाईक आहे तो माल फुकटचा समजू नये.

बारा तुकडे एकत्र धरून खालचे तीन सेंटिमीटर सोडावेत. तेथून वर चार-पाच सेंटिमीटर पक्कडीने घट्ट पीळ द्यावा, हे खोड झाले. मग तारांचे तीन किंवा चार भाग करावेत. प्रत्येक भागाला दोन-तीन सेंटिमीटर पीळ, मग त्याचेही दोन भाग, पुन्हा थोडा पीळ, आणि शेवटी सुटी टोके. खऱ्या झाडाची फांदी अशीच फुटते, जाड्यातून बारीक. सर्व फांद्या एका उंचीवरून फुटू देऊ नयेत, नाही तर झाडाची छत्री होते. खाली सोडलेल्या तारांतील दोन सरळ ठेवाव्यात, त्या फळीतल्या भोकात रोवायला लागतात. उरलेल्या बाजूला पसरल्या की मुळे दिसतात.

खोडाच्या सालीसाठी सुताराकडचा भुसा चहाच्या गाळणीतून चाळावा आणि फेविकॉलमध्ये कालवून दाट लापशी करावी. ती कुंचल्याने खोडाला आणि जाड फांद्यांना दोन हात लावावी. तारेचा पीळ झाकला जातो आणि साल खरबरीत दिसते. रात्रभर वाळू द्यावे. रंग देताना नवखे कारागीर चॉकलेटी रंग फासतात. बाहेर जाऊन झाड बघा. कडुलिंबाचे खोड राखाडीकडे झुकते, बाभळीचे काळपट असते. करड्या रंगात थोडा काळा आणि किंचित माती रंग मिसळला की काम भागते.

पाला : फोम आणि रेक्रॉन

सोफेवाल्याकडे फोमची कातरण पडते. तिचे बोटभर तुकडे करून पाण्यासह जुन्या मिक्सरमध्ये फिरवावेत. हा मिक्सर पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. चुरा पिळून वाळवावा आणि दोन चाळण्यांतून काढावा. बारीक चुरा पानांना, जाड चुरा झुडपांना. असे दोन माल वेगळे ठेवले की झाडांत फरक दिसतो.

फोमचा चुरा नुसता तारेला चिकटवला तर झाड भरगच्च आणि जड दिसते. मधे पोकळी हवी, आरपार उजेड दिसला पाहिजे. त्यासाठी उशीत भरायचा रेक्रॉन कापूस घ्यावा. त्याचा छोटा पुंजका बोटांनी ओढून कोळ्याच्या जाळ्यासारखा विरळ करावा आणि फांद्यांच्या टोकांवर पसरावा. हे काम गादीवाल्याच्या आणि पिंजाऱ्याच्या हाताला सहज जमते, इतरांना शिकायला दोन दिवस लागतात. मग एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब, असे मिश्रण फवाऱ्याच्या बाटलीतून मारावे आणि वरून चुरा भुरभुरावा. उलटे धरून झटकावे, पडलेला चुरा खाली कागदावर गोळा करून पुन्हा वापरावा.

तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या, गवताचे बारीक तुरे, वाळलेल्या झुडपांच्या काड्या, हेही आयते सांगाडे आहेत. त्यांना तारेची गरज नाही. मात्र ते कडक उन्हात नीट वाळवले नाहीत तर बुरशी धरतात, आणि गिऱ्हाईक माल परत पाठवते.

रंग : कापडवाल्यांचा धडा

रंगाचे गणित कापडाच्या धंद्यातील माणसाला लवकर कळते. सुती धागा आणि लाकडाचा भुसा दोन्ही वनस्पतीचे. गरम पाण्यात मिठासह उकळून साधा सुती रंग दिला तर ते तो धरतात. रेक्रॉन हा पॉलिएस्टर. घरगुती रंगात तो कितीही उकळला तरी रंग नुसता वर बसतो आणि धुतला की निघून जातो. फोमचेही तसेच. या दोघांना रंगद्रव्याचा लेप द्यावा लागतो. डिस्टेंपरमध्ये मिसळायचे स्टेनर किंवा पाण्यातले ॲक्रिलिक रंग थोड्या फेविकॉलसह पातळ करावेत, चुरा त्यात चुरगळून पिळावा आणि सावलीत वाळवावा.

आणखी एक गोष्ट. साधा सुती रंग उजेडात लवकर उडतो. खिडकीजवळ ठेवलेले भुशाचे झाड काही महिन्यांत फिके पडते. रंगद्रव्याचा रंग त्यापेक्षा पुष्कळ टिकतो. म्हणून विकायच्या मालाला रंगद्रव्यच वापरावे. भुशाला सुती रंग देऊन जमिनीच्या गवतासाठी तो वेगळा, स्वस्त भावाने विकावा, आणि तसे गिऱ्हाइकाला सांगून विकावा.

एकच हिरवा कधी वापरू नये. तीन हिरवे तयार ठेवावेत : गडद, मध्यम आणि पिवळट. आधी गडद, त्यावर मध्यम, आणि वरच्या बाजूला, जेथे ऊन पडते तेथे, थोडा पिवळट. शेवटी मातीच्या रंगाचा अगदी पातळ फवारा. आपल्या भागात पावसाळ्याचे महिने सोडले तर पानावर धूळ असतेच.

आपली झाडे कोणती?

ज्याला मराठवाडा मांडायचा आहे त्याला महिना विचारून घ्यावा, कारण झाड महिन्याप्रमाणे बदलते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. तो देखावा कोणाला हवा असेल तर बांधावरची निम्मी झाडे उघड्या फांद्यांची द्यावी लागतील. हिरवेगार जंगल दिले तर देखावा खोटा ठरेल. उघड्या झाडाला पाला लागत नाही, पण फांद्या लपत नाहीत, म्हणून पीळ जास्त बारकाईने द्यावा लागतो. त्याचा भाव पाल्याच्या झाडापेक्षा कमी धरू नये.

कडुलिंबाचा घेर गोल आणि दाट. बाभळीचा माथा पसरट आणि विरळ, फुलोऱ्याला पिवळ्या रंगाचा चिमूटभर बारीक चुरा. पळस फाल्गुनात पाने टाकून केशरी फुलतो, त्याला हिरवा चुरा लावूच नये, नुसता केशरी लावावा आणि फांद्या वाकड्यातिकड्या ठेवाव्यात. चिंचेचे खोड जाड, म्हणून तारेचे तुकडे बाराऐवजी वीस घ्यावेत. शिंदी आणि ताडाला पुठ्ठ्याची किंवा जाड कागदाची पाने कात्रीने झालर कापून लावावीत. येथे शिंप्याची कात्री कामाला येते.

मांडताना आणि जपताना

झाड रुळापासून किती दूर रोवायचे, हे गिऱ्हाईक विचारतेच. आपल्या रेल्वेचा डबा सव्वातीन मीटर रुंद असतो, या मापात तो पावणेचार सेंटिमीटर होतो. सरळ रुळावर तेवढा हिशेब पुरे. वळणावर मात्र लांब डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला सरकतो आणि दोन्ही टोके बाहेर येतात. म्हणून सर्वांत लांब डबा वळणावरून हाताने फिरवून बघावा, आणि मगच भोक पाडावे. मोठी झाडे पुढे आणि लहान मागे रोवली की छोटी फळीही लांबवर पसरलेली दिसते.

फोम, कापूस आणि वाळलेली काडी ही पेट घेणारी वस्तू आहे. रुळांत वीज असते, इंजिनाच्या चाकांखाली ठिणगी उडते. तापणाऱ्या दिव्याला लागून झाड ठेवू नये आणि मालासोबत तसे लिहून द्यावे. फवाऱ्याचे काम उघड्या हवेत, नाकाला फडके बांधून करावे.

खरा हिशेब

आता मूळ मुद्द्यावर येऊ. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचा भाव घालून बघावा. तार ८० रुपये किलो धरली तर एका झाडाला सव्वा रुपया. फोम, रंग, फेविकॉल मिळून तीन रुपये. माल झाला सव्वाचार रुपयांचा. पुष्कळ लोक येथेच थांबतात. सव्वाचारचे झाड दहाला विकले, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त मिळाले, असे समजतात.

आता वेळ मोजा. एका झाडाला सर्व मिळून बारा मिनिटे हाताचे काम धरले तर आठ तासांत चाळीस झाडे होतात. त्यातली चार बिघडली तर विकायला उरली छत्तीस. दहा रुपयांनी आले ३६०. त्यातून चाळीस झाडांचा माल १७० गेला, दोन रुपयांप्रमाणे पुठ्ठ्याची पॅकिंग ७२ गेली. उरले ११८ रुपये. हा नफा नाही, आठ तासांची ही मजुरी आहे. आणि ती कोणत्याही गवंड्याच्या हाताखालचा माणूस स्वीकारणार नाही.

बरोबर हिशेब असा. दिवसाची मजुरी ५०० धरली तर एका झाडाला साडेबारा. माल मिळून पावणेसतरा. चाळीस झाडांचे झाले ६७०. ते छत्तीसांवर वाटले की एकाला अठरा रुपये साठ पैसे. पॅकिंग दोन. म्हणजे वीस रुपये साठ पैसे ही मूळ किंमत, आणि त्यावर पाचवा हिस्सा नफा ठेवला तर पंचवीसच्या आत-बाहेर भाव येतो. यापेक्षा कमी भावात मागणी आली तर नम्रपणे नाही म्हणावे.

भाव उतरवायचाच असेल तर वेळ उतरवावा. एकेक झाड पूर्ण करण्याऐवजी आधी चाळीसही झाडांच्या तारा कापाव्यात, मग चाळीसांना पीळ, मग सर्वांना साल. वाळायला लागणारा वेळ अशाने वाया जात नाही. बारा मिनिटांची आठ मिनिटे झाली तर दिवसाला साठ झाडे होतात आणि एका झाडाची मजुरी साडेबारावरून सुमारे आठ रुपये तेहतीस पैशांवर येते. सव्वाचार रुपयांच्या आसपास वाचले. म्हणजे सगळा माल कोणी फुकट दिला असता तर जेवढी बचत झाली असती, तेवढीच बचत कामाच्या पद्धतीने झाली. फुकटच्या चिंध्यांमागे धावण्यापेक्षा हात बसवणे जास्त मोलाचे आहे, ते यासाठी.

घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायकांना हे काम देणार असाल तर दर ठरवण्याआधी चार हातांकडून दहा-दहा झाडे करवून घ्या आणि घड्याळ लावा. सर्वांत जलद हाताचा वेळ धरून दर बांधला तर बाकीच्यांवर अन्याय होतो आणि महिन्याभरात कामाला हात मिळत नाहीत. मधला वेळ धरावा. बिघडलेल्या मालाचा बोजा कोणावर, तेही आधीच बोलून घ्यावे.

गिऱ्हाईक कोण?

रेल्वेचे शौकीन मुख्यतः पुणे-मुंबई, हैदराबाद अशा शहरांत आहेत. त्यांना मोबाईलवर फोटो पाठवता येतो. फोटोत झाडाशेजारी मोजपट्टी ठेवावी. पण फक्त त्यांच्यावर अवलंबून राहू नये. इमारतींचे नमुने बनवणारे आर्किटेक्ट आणि बिल्डर एकास शंभर मापात काम करतात. त्यांच्या बारा मीटरच्या झाडाला बारा सेंटिमीटर लागतात. सांगाडा तोच, तुकडे थोडे आखूड. शाळा-कॉलेजांच्या प्रदर्शनांनाही झाडे लागतात. लातूरला तर रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखानाच उभा राहिला आहे आणि २०२० च्या डिसेंबरात तेथे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. रेल्वेची आवड येथल्या मुलांतही वाढेल.

सुरुवातीला दुकान किंवा हातातले काम सोडून यात उडी घेऊ नये. एक किलो तार, पोतंभर कातरण आणि एक फेविकॉलचा डबा आणावा. पहिली वीस झाडे शिकण्यात जातील, ती विकू नयेत. त्यानंतरची दहा झाडे घड्याळ लावून करावीत. मिनिटे कागदावर लिहावीत, आपल्या रोजाशी ताडून बघावीत, आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाला भाव सांगावा.